मालक श्रीमंत म्हणून क्लब तरत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या क्रीडा मंडळांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. मला तो चार जणांनी पाठवला. थोडक्यात मजकूर असा: इंग्लंडमधले रग्बी क्लब कोविडमुळे बुडाले. जे उरले ते धनाढ्य मालकांमुळे. गुंतवणूक कंपनीचा पैसा आला की सगळ्यांचं भलं होतं. मैदान म्हणजे अडकलेलं भांडवल, ते मोकळं करावं. सभासदांच्या क्लबचे दिवस संपले. आणि आता भारतातही रग्बीची लीग आली आहे, तेव्हा तालुक्यातल्या मंडळांनी वेळीच मालक शोधून मैदान त्याच्या कंपनीच्या नावे करावं.

मी चोपड्याजवळच्या एका गावात पोरांना कबड्डी शिकवतो, सहा वर्षांपासून रग्बीही. मेसेज लिहिणाऱ्याच्या हेतूवर मला शंका नाही. पोरांच्या पायात चांगले बूट असावेत असं त्यालाही वाटत असणार. पण याच मजकुराच्या आधारे आमच्या मंडळात ठराव येतो आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कोविडचा मुद्दा अर्धा खरा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वूस्टर वॉरियर्स, ऑक्टोबरमध्ये वॉस्प्स आणि जून २०२३ मध्ये लंडन आयरिश असे तीन क्लब एका वर्षाच्या आत गेले आणि तेरा संघांची प्रीमियरशिप, म्हणजे तिथली सर्वांत वरची रग्बी लीग, दहावर आली. कोविडमध्ये मैदानं रिकामी राहिली, क्लबांनी सरकारी कर्जं घेतली, हे खरं. पण रग्बी युनियन हा रग्बीचा प्रकार १९९५ मध्ये व्यावसायिक झाला तेव्हापासून खेळाडूंचे पगार तिकिटांच्या आणि टीव्हीच्या उत्पन्नापुढे पळत राहिले. कोविडच्या आधीही बहुतेक क्लब तोट्यातच होते. घराची भिंत आधीच पोकळ असेल, तर ती पाडल्याचा दोष एकट्या पावसाला देऊन चालत नाही.

मग हा तोटा भरत कोण होतं? मालक. मेसेजचा दुसरा मुद्दा इथे येतो आणि सगळी गल्लत याच मुद्द्यात आहे. मालक जो पैसा ओततो तो बहुतेक वेळा देणगी नसतो, क्लबच्या खात्यावर कर्ज म्हणून चढतो. लंडन आयरिशवर सुमारे ३ कोटी पौंडांचं देणं होतं आणि त्यातलं बरंचसं खुद्द मालकाचंच होतं. त्याने दहा वर्षं क्लब पोसला, मग विकायला काढला. अमेरिकेतल्या गटाशी बोलणी झाली, व्यवहार काही पूर्ण झाला नाही. इंग्लंडच्या रग्बी संघटनेने दिलेली मुदत संपली आणि १८९८ साली स्थापन झालेला क्लब लीगबाहेर गेला. तो मालक वाईट होता असं मी म्हणत नाही. एका माणसाच्या खिशावर आणि उत्साहावर उभं असलेलं काहीही त्याच्या एका निर्णयाने संपू शकतं, एवढंच यातून दिसतं. २०२५ मध्ये न्यूकॅसल फाल्कन्स रेड बुल कंपनीने घेतला. तो क्लब यातून तरूही शकेल. पण फाल्कन्स हे नाव लगेच गेलं, ते न्यूकॅसल रेड बुल्स झालं.

गुंतवणूक कंपनीच्या पैशाबद्दल थोडक्यात. २०१८ च्या शेवटी सीव्हीसी या कंपनीने प्रीमियरशिपचा २७ टक्के वाटा वीस कोटींहून जास्त पौंडांना घेतला. क्लबांना एकरकमी पैसा मिळाला, तो खर्चही झाला. लीगच्या उत्पन्नातला तेवढा हिस्सा मात्र दरवर्षी बाहेर जातो. पीक उभं असतानाच पुढच्या हंगामाचाही सौदा करून टाकला, तर पुढच्या वर्षी घरात काय येतं, हे रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला मी काय सांगू!

आता मैदान. हा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

वूस्टरचं सिक्सवेज मैदान आणि भोवतीची जमीन हीच त्या क्लबची खरी पुंजी होती. त्या जमिनीचे काही भाग क्लबकडून काढून मालकांशी संबंधित दुसऱ्या कंपन्यांकडे नेले गेले. इकडे क्लबचा लाखो पौंडांचा कर थकला. कर खात्याने कोर्टाची पायरी चढल्यावर क्लबला सावरायला हाताशी फारसं काही उरलं नव्हतं. ब्रिटिश संसदेच्या समितीने जानेवारी २०२३ च्या अहवालात खेळाच्या कारभाऱ्यांवर थेट ठपका ठेवला: तुम्ही हातावर हात धरून बसलात आणि हा गैरकारभार होऊ दिला.

वॉस्प्सची गोष्ट वेगळी, पण आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल अशी. १८६७ चा क्लब, दोनदा युरोपचा विजेता. २०१४ मध्ये तो कॉव्हेंट्रीला गेला आणि तिथलं भलंमोठं स्टेडियम विकत घेतलं. पुढच्या वर्षी साडेसहा टक्के व्याजाचे रोखे काढून, म्हणजे लोकांकडून मुदतीचं कर्ज घेऊन, ३.५ कोटी पौंड उभे केले, त्यासाठी तारण स्टेडियमच. रोखे साध्या माणसांनाही घेता येत होते. मे २०२२ मध्ये मुदत संपली, तेव्हा परतफेडीला पैसा नव्हता. ऑक्टोबरमध्ये १६७ खेळाडू आणि कर्मचाऱ्यांची नोकरी एका दिवसात गेली आणि स्टेडियम दुसऱ्याच उद्योगसमूहाकडे गेलं. माझ्या वडिलांनी निवृत्तीचा पैसा जास्त व्याजासाठी एका पतसंस्थेत ठेवला होता. मुदत संपल्यावर पावत्या घेऊन ते किती वेळा त्या दारात उभे राहिले, ते मी पाहिलं आहे. म्हणून हे वाचताना मला ते रोखे घेणारे लोक डोळ्यांपुढे दिसतात. माझी आजी म्हणायची, "वावर गयं ते सम्दं गयं." तिने रग्बीचं नावही ऐकलं नव्हतं.

सभासदांचे क्लब संपले, हा दावा तर वस्तुस्थितीला सोडून आहे. एक्सेटर चीफ्स हा सभासदांच्या मालकीचा क्लब २०१० मध्ये वरच्या लीगमध्ये आला आणि २०२० मध्ये इंग्लंड आणि युरोप दोन्ही जिंकून बसला. बाकीचे तोट्यात असताना कोविडपूर्वी नफा दाखवणारा क्लब म्हणून त्याचंच नाव घेतलं जाई. सँडी पार्क मैदान त्यांचं स्वतःचं, आणि सामने नसतील त्या दिवशी तिथे परिषदा, समारंभ होतात. अलीकडे एक्सेटरलाही मोठा तोटा झाला, हे लपवत नाही. सभासदांची मालकी म्हणजे संकटातून कायमची सुटका नव्हे. पण हिशेब मागायला माणसं असतात.

आणि हिशेब कोण तपासतो, हे मालक कोण यापेक्षा मोठं आहे. फ्रान्समध्येही श्रीमंत मालक आहेत, पण तिथे क्लबांच्या जमाखर्चावर एक स्वतंत्र यंत्रणा नजर ठेवते आणि ताळमेळ नसेल तर क्लबला खालच्या श्रेणीत ढकलते. २०१० मध्ये मोंतोबां या क्लबला पैशाच्या कारणावरून असंच खाली जावं लागलं. त्यांनी खालून पुन्हा बांधणी केली आणि २०२५ मध्ये वरच्या श्रेणीत परतले. फ्रेंच लीगला २०२३ ते २०२७ या चार हंगामांसाठी टीव्हीचे ४५ कोटींहून जास्त युरो मिळतात. तेवढा पैसा असूनही ही शिस्त त्यांनी सोडलेली नाही.

राहिली आपली लीग. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा फ्रँचायझी, सात-सात खेळाडूंचा खेळ. मला तिचा मनापासून आनंद आहे, आमच्या पोरांनी सामने मोबाइलवर पाहिले. पण फ्रँचायझी दोन आठवडे खेळते. पहाटे साडेपाचला गेट उघडून बारा वर्षांच्या पोरीला पास द्यायला शिकवणं हे तिचं कामच नाही. ते मंडळाचं काम आहे आणि त्याला मैदान लागतं.

प्रायोजक हवा, मलाही हवा. जर्सीवर नाव लावू द्या, वर्षाचा करार करा, पैसे मंडळाच्या खात्यात घ्या, ताळेबंद नोटीस बोर्डावर लावा. मैदानाची मालकी मात्र त्या करारात येता कामा नये. रविवारच्या बैठकीला मी सातबाऱ्याचा उतारा घेऊन येतो आहे. हस्तांतराचा ठराव मांडला गेला तर माझं मत विरोधात नोंदवावं, असं मी सचिवांना लेखी कळवलं आहे.