हात दिला खरा, पण अटी घालून

लेखात 'युद्ध संपताच अमेरिकेने ब्रिटनला सावरून धरलं' असं एका ओळीत उरकलंय, ते पटलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानने शरणागती जाहीर केल्यावर आठवडाभरात, ऑगस्ट १९४५मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी लेंड-लीजची, म्हणजे युद्धकाळात मित्रराष्ट्रांना रोख पैसे न घेता माल पुरवण्याची, मदत थांबवली. ब्रिटनच्या वतीने अर्थतज्ज्ञ केन्स वॉशिंग्टनला गेले ते अनुदान, निदान बिनव्याजी कर्ज मिळेल या आशेने. ६ डिसेंबरला सही झाली ती ३७५ कोटी डॉलरच्या कर्जावर: २ टक्के व्याज, १९५१च्या अखेरीपासून ५० वार्षिक हप्ते. लेंड-लीजच्या हिशेबाचे ६५ कोटी वेगळे.

खरी मेख व्याजात नव्हतीच. कर्ज लागू झाल्यावर वर्षभरात चालू व्यवहारातला, म्हणजे रोजच्या व्यापारात मिळालेला, पौंड मागेल त्याला डॉलरमध्ये बदलून द्यायचा, ही अट जीवघेणी होती. १५ जुलै १९४७ला ती अमलात आली आणि सगळ्यांनाच डॉलर हवे होते, कारण माल अमेरिकेतच मिळत होता. गंगाजळी इतक्या वेगाने आटली की २० ऑगस्टला, जेमतेम पाच आठवड्यांत, ही सोय बंद करावी लागली. भारताचे लंडनमध्ये अडकलेले पौंडही (युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेली येणी) याच ओढाताणीत सापडले होते, हे आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं.

कर्जाचे सहा हप्ते पुढे ढकलले गेले. शेवटचा फिटला डिसेंबर २००६मध्ये.