क्लेटनचं जंगल चालतं, पालवणचं का नाही?

परवा घरच्या ग्रुपवर मावसभावाने फोटो टाकले. मंगळवारची सकाळ, बीडजवळच्या पालवणची सह्याद्री देवराई, आणि त्याची दोन्ही लेकरं टेकडी चढतायत. तो आणि वहिनी लेकरांना घरीच शिकवतात. थोड्याच वेळात मामांचं उत्तर आलं: "शाळेच्या दिवशी लेकरं रानात हिंडवायलेत. उद्या खातील काय?" मग मावशी, मग बाकीचे.

मला संताप आला, कारण मागच्याच महिन्यात मी याच ग्रुपवर आमचे फोटो टाकले होते. तोही शाळेचाच दिवस. आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, क्लेटनच्या क्लेमन्स जंगलात रेंजरने आमच्या होमस्कूल गटाचा माती-पाण्यावर वर्ग घेतला, मग मुलं बोलक्या झाडांच्या वाटेवर, जिथे बटण दाबलं की झाड स्वतःची माहिती सांगतं, बटणं दाबत हिंडली. तेव्हा हेच मामा म्हणाले होते, "अमेरिकेतलं शिक्षण बघा, शिका जरा."

इथे नॉर्थ कॅरोलायनात राज्याला नोटीस द्यायची, शिकवणाऱ्याचं हायस्कूल झालेलं हवं, वर्षातले नऊ महिने शिकवायचं, दरवर्षी प्रमाणित चाचणी घ्यायची. बाकी फारसं कुणी विचारत नाही. तिकडे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचं बोलतो, घरी शिकण्याबद्दल गप्प आहे. पण एनआयओएसच्या, म्हणजे सरकारी मुक्त शाळेच्या, परीक्षा आहेतच की, तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या, पुढे दहावी-बारावी. मामा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, त्यांना हे मी सांगायला नको.

आणि शाळा बुडण्याची एवढीच कळकळ असेल, तर दसरा-दिवाळीनंतर बीडमधून ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्यांत आईबापांसोबत लेकरंही असतात. उन्हाळ्याच्या तोंडाला ती परततात, तोवर वर्ष संपत आलेलं असतं. त्यांच्याबद्दल ग्रुपवर एक ओळ आलेली मला आठवत नाही. लांब बसून बोलणं सोपं आहे, असं मला ऐकवतील. ऐकवू द्या.

पालवणला काय कमी आहे? अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने तिथे उघड्या टेकड्यांवर देशी झाडं लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्ष संमेलन भरलं, अध्यक्ष होता वड. आमच्या भागात जंगल मुळात नावापुरतं, लातूर जिल्ह्यात तर एक टक्काही नाही. त्याच लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. टेकडी बोडकी असली की मोठा पाऊस माती घेऊन ओढ्याला जातो आणि विहिरीला काही उरत नाही. क्लेमन्सच्या रेंजरने मुलांना हेच शिकवलं. इथे तो एका वर्गाचा विषय होता, माझ्या भाच्यांना त्यावर उद्या शेत करायचं आहे. मग रान कुणी बघायला हवं, सांगा.

माझी मुलगी सुयांच्या जुडग्यावरून पाइन ओळखते. तीन सुया लॉब्लॉली, पाच सुया व्हाइट पाइन. पालवणच्या फोटोत हिवर होता, तो तिला ओळखता आला नाही. मी सांगितलं. तिने परक्या मुलखाची माहिती ऐकावी तसं नीट ऐकून घेतलं आणि पुढच्या फोटोकडे वळली. मला हिवर, खैर, बोर, आपटा मामांनीच दाखवलेत, अंबाजोगाईला मुकुंदराजाच्या डोंगरावर, रविवारी, आणि एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा.

खरं सांगू? मामा भावावर चिडतात, कारण ती लेकरं त्यांची आहेत. ती उद्या तिथेच राहणार, तिथेच कमावणार, त्यांचं चुकलं तर मामांना झोप लागणार नाही. माझ्या मुलांना ते नुसतं शाबास म्हणतात. मी सोळा आणे तिथली आहे असं स्वतःला समजावत आले, पण आमच्याबद्दल काळजी करणं तिथे कधी थांबलं ते मला कळलंच नाही.

मामांना मी रात्रीच लिहिलं: पुढच्या मंगळवारी त्यांच्यासोबत तुम्ही जा, झाडं तुमच्याएवढी वहिनीलाही माहीत नाहीत. आणि दादाला बोललात तसं मलाही बोला.