ताई, वडलांचं मशीन आधी कानात घाला

ताई, तुमची कमेंट रात्री वाचली आणि नीट झोप लागली नाही. तुम्ही लिहिलंय की माझा कानासाठीच्या आहारावरचा लेख वाचून वडलांनी कानाचं मशीन कपाटात ठेवून दिलं, रोज भिजवलेले बदाम खातात आणि म्हणतात थोडे दिवस थांबा, आपोआप ऐकू येईल. तुमचा राग बरोबर आहे. गेलेलं ऐकू येणं खाण्यानं परत येत नाही, हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, आज लिहिलंय. आतल्या कानातल्या शंखात साधारण 15 हजार केसपेशी असतात, आवाज पकडतात त्या ह्याच, आणि माणसात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. मग बदाम खा नाहीतर तासगावचे बेदाणे.

पण "खाण्याचा नि कानाचा काडीचा संबंध नाही" हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. त्या शंखाला रक्त नेणारी धमनी अगदी बारीक, ती अडली तर दुसरी वाट नाही, म्हणून शुगर-बीपी वाढलं की तिथं मार बसतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (2008) डायबेटिसवाल्यांमध्ये कमी ऐकू येण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. नेदरलँड्समध्ये पन्नाशी-साठीतल्या लोकांना 3 वर्षं फॉलिक अॅसिड (पालेभाज्यांत असतं ते बी जीवनसत्त्व) दिलं तर खालच्या सुरांचं ऐकणं जरा हळू कमी झालं, फरक फक्त 0.7 डेसिबल, वरच्या सुरांना काहीच नाही. एवढंच आहे ते, पण आहे.

आमचे आप्पा विट्यात 30 वर्षं यंत्रमागावर कामाला होते. इयरप्लग कुठला, कापसाचा बोळा घालायचे. शेडमध्ये सगळं हातवाऱ्यांवर चालायचं, ती सवय इतकी लागली की घरी जेवतानाही मीठ हवं असलं की दोन बोटं चोळून दाखवायचे आणि आम्हाला वाटायचं गंमत करतात. कान मागाच्या खडखडाटानं घालवले हे खरंच, पण साठीला पहिल्यांदा शुगर तपासली तेव्हा उपाशीपोटी 240 निघाली, आणि तोपर्यंत दिवसाला पाच-सहा कप गोडमिट्ट चहा चालू होता. हे आधी कळायला हवं होतं, म्हणून मी लिहीत बसतो.

तर मशीन आजच घाला. ते टोचत असेल किंवा शिट्टी मारत असेल तर बसवणाऱ्याकडून नीट करून घ्या, बरेच जण त्यापायीच काढून ठेवतात. मिरजेला कानाच्या डॉक्टरकडे मळ वगैरे बघून घ्या, सोबत शुगर, हिमोग्लोबिन, बी12 तपासा, वडील पूर्ण शाकाहारी असतील आणि दूध-दही कमी असेल तर बी12 नक्कीच. आणि कधी अचानक एका कानानं ऐकू येणं बंद झालं तर आहार-बिहार बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, औषध लवकर सुरू झालं तरच उपयोग होतो.

बदाम खाऊ देत हो, चार-पाच बदामांनी काही बिघडत नाही, फक्त मशीन कानात ठेवून खाऊ देत. बी12 चा रिपोर्ट आला की आकडा इथंच टाका, मी वाट बघतोय.