एक दिव्यांग ठेवून घ्याच

शेठ, दिवाळीचा बोनस कसाबसा वाटून झाला ना? मग 3 डिसेंबर आता लांब नाही. जागतिक दिव्यांग दिन. साकीनाक्याच्या तुमच्या गाळ्यात 17 माणसे राबतात आणि त्यांत एकही दिव्यांग नाही, हे बरे दिसत नाही. शेजारच्या गाळेवाल्याने मागच्या वर्षी एक ठेवला. त्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि एरवी पेमेंटच्या मेसेजला मुके होणाऱ्यांनीही भराभर हात जोडले.

आता कुठला ठेवायचा, ते नीट पारखून घ्या. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले खरे, पण त्यातले कितीतरी फोटोत दिसतच नाहीत. थॅलेसेमिया घेऊन काय करणार? मनोविकार तर नकोच. लोक म्हणतील, याच्याकडे काम करून झाला. व्हीलचेअर फोटोत झकास येते, पण तुमच्या दाराशी सहा इंचांची पायरी आहे. तिला रीतसर उतार करायचा तर एकास बाराच्या हिशेबाने सहा फूट जागा लागते, आणि तिथे तुमची ॲक्टिव्हा उभी असते. व्हीलचेअर बाद.

कोणी आगाऊ विचारेल, मग खोक्यांची ट्रॉली आत कशी जाते? जाते की, पत्रा टाकून जाते. तो पत्रा भिंतीला टेकवलेला असतो, मधोमध पोचा आलेला. टेम्पो लागला की पोऱ्या तो धाडकन पायरीवर टाकतो, माल आत गेला की पुन्हा भिंतीला. दिवसातून सात-आठ वेळा. पण तो मालासाठी आहे. माल पडला तर नुकसान होते.

कायद्याची धास्ती घेऊ नका. 4 टक्के आरक्षण सरकारी नोकरीत. खासगीत 5 टक्के दिव्यांग असावेत म्हणून सक्ती नाही, ‘प्रोत्साहन’ आहे, आणि तुम्हाला आजवर कोणी प्रोत्साहन दिलेले नाही. 20 माणसे झाली की समान संधीच्या धोरणात बरेच काही भरावे लागते, संपर्क अधिकारी नेमावा लागतो. तेव्हा विसावा माणूस ठेकेदाराच्या खात्यात दाखवा. 20 च्या आत असलात तरी दिव्यांगांना काय सोयी देणार, हे धोरणात लिहायचे असते. लिहा, ‘पंखा आहे.’

पगाराचे तर सरकारनेच सोपे केले आहे. ईएसआय म्हणजे कामगार विम्याची पगारमर्यादा इतरांना महिना 21,000, दिव्यांगांना 25,000. तुम्ही 9,000 द्या, दोन्ही मर्यादा शाबूत. बाकीच्यांना 14,000 मिळतात ही गोष्ट वेगळी. त्यांना घर चालवायचे असते.

मी महिन्यातून दोनदा असल्याच एका गाळ्यात हिशेब लिहायला जातो, म्हणून अनुभवाने सांगतो : कर्णबधिर घ्या. पायरी चढतो, पोटमाळ्याच्या शिडीवर चढतो, फोनवर बोलत बसत नाही. नाव लक्षात ठेवायची गरज नाही, ‘ए मुक्या’ म्हटले तरी चालते, ऐकू थोडेच येते! आमच्याकडे कॉम्प्रेसर चालू झाला की तसेही कोणाला काही ऐकू येत नाही. सगळा गाळा दिवसभर हातवाऱ्यांवरच चालतो. दोन बोटे म्हणजे दोन खोकी, मनगट फिरवले की मशीन बंद, अंगठा तोंडाकडे नेला की चहा. फक्त या एका पोराशी बोलायचे झाले की मुकादम त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलतो.

परवा याच पोराने लेबलांचा अख्खा गठ्ठा बाजूला काढून ठेवला. एक्स्पायरीचा महिना पॅकिंगच्या आधीचा छापून आला होता. तो लेबल दाखवून हात हलवत होता. मुकादमाला वाटले, संडासला जायचेय. जा म्हणाला. पोरगा गेला नाही, लेबल मुकादमाच्या नाकासमोर धरून उभा राहिला, तेव्हा कुठे चष्मा निघाला. शेठने त्या दिवशी सगळ्यांना वडापाव दिला आणि मुकादमाची पाठ थोपटली. लक्ष असावे तर असे, म्हणाले.

तुम्हीही पाठच थोपटा, ती फुकट असते. फोटोच्या दिवशी पोराला इस्त्रीचा शर्ट घालून यायला सांगा, खांद्यावर हात ठेवा, पत्रा मागे दिसणार नाही असे उभे राहा.

एक अडचण मात्र येईल. सात तारीख उलटली की तो तुमच्या टेबलासमोर येऊन उभा राहील आणि अंगठा तर्जनीवर घासून दाखवेल. मशीद बंदरच्या दलालापासून विरारच्या रिक्षावाल्यापर्यंत ही खूण कळत नाही असा माणूस मुंबईत नाही. तुम्ही मुकादमाकडे बघायचे, खांदे उडवायचे आणि म्हणायचे, ‘‘काय म्हणतोय रे हा? यांची भाषा आपल्याला येत नाही ना.’’