भिंत रंगवण्याआधी गल्लीला विचारा

सोलापुरात सरकारी भिंतींवर चित्रं उमटली की आमच्या घरच्या ग्रुपवर वाद ठरलेला. नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि पैसा रंगावर उधळायचा? पूर्व भागात राहणाऱ्या आत्याचा हा प्रश्न फिलाडेल्फियात बसून मी खोडणार नाही. पाणी आधी, यात दुमत नाही. पण त्यावरून चित्रांनाच चैन ठरवणं मला मान्य नाही. माझी तक्रार वेगळी आहे : ही चित्रं आपल्याला न विचारता येतात. तेच मोर, तीच स्वच्छतेची घोषणा, दोन उन्हाळ्यांत पोपडे.

मी राहते त्या शहरात आजवर चार हजारांहून अधिक भित्तिचित्रं झाली. सुरुवात कलेच्या प्रेमातून नव्हतीच. भिंतींवर रंग फवारणाऱ्या पोरांना आवरण्यासाठी महापालिकेने १९८४ मध्ये योजना काढली. आपल्याकडे जिन्यात कोणी थुंकू नये म्हणून देवांच्या फरशा लावतात, तशीच गरज. पण जेन गोल्डन या चित्रकर्तीने त्याच पोरांच्या हाती ब्रश दिले आणि योजनेचं रूपच पालटलं. आता आधी वस्तीत बैठका होतात, मग आराखडा. पुष्कळदा चित्र थेट भिंतीवर काढतही नाहीत. पातळ कृत्रिम कापडाच्या तुकड्यांवर रेषा आखून, रंगांचे आकडे घालून ते शाळांत, अगदी तुरुंगातही रंगवायला देतात आणि नंतर भिंतीवर चिकटवतात. जॅकार्ड चादरीची नक्षी चौकटींच्या कागदावर उतरवणाऱ्या आपल्या गावाला हे जड जाणार नाही.

इथलं सगळं उचलावं असं मात्र नाही. रिकाम्या प्लॉटशेजारी चित्र काढतात, वस्तीला भाव येतो, मग त्याच प्लॉटवर इमारत चढून चित्र झाकलं जातं. भाडी वाढली की रंगवणारी माणसंही कधी कधी तिथे उरत नाहीत. आणि कोणाचं चित्र काढायचं, हा तंटा आहेच. माजी महापौर आणि पोलीसप्रमुख फ्रँक रिझो यांचं इटालियन मार्केटमधलं चित्र २०२० मध्ये रंग फासून काढावं लागलं. काहींचा तो नायक होता; अनेक कृष्णवर्णीयांना मात्र त्यात पोलिसी जाच दिसायचा.

सोलापूरकडे विषयांची वाण नाही. इंग्रजांनी १९३० मध्ये इथे लावलेल्या मार्शल लॉनंतर, म्हणजे लष्करी अंमलानंतर, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांचे पुतळे आहेत. पण गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजलेली माणसं, यंत्रमागावरचे पद्मशाली कामगार, सुपात पान-तंबाखू घेऊन दारात विड्या वळणाऱ्या बायका यांच्यासाठी भिंती मोकळ्या आहेत. त्यांचं काय काढायचं हे त्यांनीच सांगावं. त्यांना पहिल्या भिंतीवर वीरांगना नको, मुलींची शाळा हवी असेल, तर तेच काढावं.

निविदेत रंगाबरोबर पाच वर्षांची देखभाल लिहावी, नाहीतर सोलापूरचं ऊन ते चित्र खाऊन टाकेल. बैठक मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही व्हावी. आणि ती सकाळी अकराला सभागृहात नको, बायका कारखान्यात विड्या देऊन परतल्यावर त्यांच्याच गल्लीत हवी.