शिकागो, शून्य आणि काकांचा फॉरवर्ड

सप्टेंबर लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येतोच. १८९३, शिकागोची सर्वधर्म परिषद, गोऱ्यांनी मुद्दाम अपमान करायला स्वामी विवेकानंदांना ‘शून्य’ हा विषय दिला, ते त्यावर तासन्तास बोलले आणि परिषदेनं हिंदू धर्म सर्वश्रेष्ठ म्हणून जाहीर केला. खाली ‘स्वामीजींचा ओरिजिनल आवाज’. यंदा काकांनीच टाकलाय म्हणून गप्प बसणार होतो, पण राहवेना.

शून्याचं आधी घेतो. ११ सप्टेंबरला दुपारी ते बोलले ते स्वागताला उत्तर म्हणून, अख्खं भाषण पाचशे शब्दांच्या आत, चहा गार व्हायच्या आधी वाचून होतं, त्यात गीता आहे, शिवमहिम्नातला ‘रुचीनां वैचित्र्यात्’ आहे, धर्मवेडावर कोरडे ओढलेत, शून्य कुठंच नाही. १९ तारखेचा निबंध मोठाय पण तो हिंदू धर्मावर.

आता सर्वश्रेष्ठ. अहो, ती काय आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती का? बॉनी नावाच्या वकिलाच्या डोक्यातली कल्पना, की सगळे धर्म एका स्टेजवर आणायचे, भांडायचं नाही, विश्वबंधुत्व. उद्घाटनाला दहा धर्मांचे म्हणून घंटेचे दहा टोल दिले. स्वप्न भारीच, पण कमिटीचे अध्यक्ष बॅरोज हे पाद्री, सुरुवात ख्रिस्ती प्रार्थनेनं, आणि कँटरबरीच्या आर्चबिशपनी (म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे मुख्य धर्मगुरू) तर येणारच नाही म्हणून कळवलं, कारण ख्रिस्ती धर्म इतरांच्या पंगतीला बसवणं त्यांना पटेना. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या धर्मावर बोलायला त्यांच्यातलं कुणी नाहीच, एक गोऱ्या अभ्यासक बाई बोलल्या (हे वाचून मलाच कसंतरी झालं). पहिला नंबर-दुसरा नंबर असलं काही नव्हतंच. उलट २७ तारखेला समारोपात स्वामीजीच म्हणाले की फक्त आपलाच धर्म टिकेल आणि बाकीचे नष्ट होतील असं स्वप्न बघणाऱ्याची मला कीव येते! म्हणजे ज्यांच्या नावानं फॉरवर्ड करताय त्यांच्याच बोलण्याच्या नेमकं उलटं.

टाळ्या मात्र खऱ्या, दोन मिनिटं वाजल्याचं त्यांनीच पत्रात लिहिलंय. क्लिप साफ खोटी, त्या भाषणाचं रेकॉर्डिंगच नाहीये.

आणि पाठवायचंच असेल तर २० तारखेचं पाठवा ना, भारतात धर्म पुष्कळ आहे, लोकांना भाकरी हवीय आणि तुम्ही चर्च काय बांधताय, असं मिशनऱ्यांना तोंडावर सुनावलं होतं. नाहीतर आपल्या मुंबईचे बी. बी. नगरकर, ब्राह्मो समाजातर्फे गेलेले, त्याच परिषदेत भारतातल्या समाजसुधारणेवर बोलले, जातीभेद, बालविवाह सगळं काढलं. त्यांचा फॉरवर्ड मला अजून एकदाही आलेला नाही, काका.