समाधानाच्या फॉर्मवरून प्रशिक्षण कसं जोखणार?

शिक्षकांना दिलेलं क्षमताधारित अध्यापनाचं (म्हणजे धडा संपवण्यापेक्षा प्रत्येक मुलाला ते कौशल्य येतंय का हे पाहून शिकवण्याचं) प्रशिक्षण यशस्वी झालं, असं एका लेखात वाचलं. आधार काय, तर शेवटच्या दिवशी शिक्षकांनी भरलेले अभिप्राय फॉर्म. हे मला अजिबात पटलं नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी 2000 साली अशा प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यात सहभागींचं समाधान ही फक्त पहिली. पुढे शिक्षक काय शिकले, शाळेने किती साथ दिली, वर्गात काय उतरलं आणि शेवटी मुलांचं शिकणं.

माझ्या मते खरी गोम तिसऱ्या पायरीत, म्हणजे शाळेच्या साथीत आहे. एखादं मूल 1/2 + 1/3 = 2/5 लिहितं. ते छेदांचीही बेरीज करतंय हे शिक्षकाच्या लगेच लक्षात येतं, प्रशिक्षणात तेही शिकवलेलं असतं. पण त्या मुलाला पुन्हा शिकवून पुन्हा तपासायला तास कुठून आणायचा? वेळापत्रक जुनंच, अभ्यासक्रम संपवायची तारीखही जुनीच. (प्रगतिपुस्तकाचा नमुनासुद्धा बहुतेकदा तोच.) मग दोष शिक्षकाच्या माथी.

जॉइस आणि शॉवर्स या शिक्षणसंशोधकांनी तर 1980च्या दशकातच दाखवलं होतं, की वर्गातल्या सततच्या मार्गदर्शनाशिवाय प्रशिक्षणातलं फारसं काही वर्गापर्यंत पोहोचत नाही. सहा महिन्यांनी वर्गात जाऊन बसा, मुलांच्या वह्या उघडा आणि मुख्याध्यापकांनाही विचारा, तुम्ही काय बदललंत?